घटक ४ : रोगप्रतिकारशक्ती – स्वरूप, समज आणि संवर्धन

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेचे मुख्य स्तर व त्यांचे कार्य सांगता येईल.
• ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ या शब्दप्रयोगाच्या मर्यादा स्पष्ट करता येतील.
• हळदीसारख्या पदार्थाबाबत परंपरा, संशोधन आणि जाहिरात यांतील फरक ओळखता येईल.
• आहार, झोप, स्वच्छता व लसीकरण यांचा प्रतिकारक्षमतेशी असलेला संबंध उदाहरणांसह विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, माघ-फाल्गुनाच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यातून प्रवास केला, तर वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ या भागांतील शिवारांत हळदीच्या काढणीची लगबग दिसते. जमिनीतून काढलेले कंद शिजवले जातात, उन्हात वाळवले जातात, ढोलात घालून घासले जातात आणि मग ती हळकुंडे वसमत व हिंगोलीच्या बाजारात विक्रीस येतात. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. जेवण, औषध, लग्न आणि देवकार्य अशा चारही ठिकाणी वापरली जाणारी ही वस्तू या जिल्ह्याची ओळख बनली आहे.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा याच हळदीकडे सर्व देशाचे लक्ष गेले. ३१ मार्च २०२० रोजी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या सूचनांमध्ये १५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून पिण्याचा सल्ला होता. त्या काळात ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द घराघरांत बोलला जाऊ लागला. काढे, चूर्णे, गोळ्या, इतकेच नव्हे तर बिस्किटे आणि सरबतेही ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली गेली.

ही शक्ती म्हणजे नेमके काय? ती खरोखर वाढवता येते का? आणि येत असेल, तर कशाने? या तीन प्रश्नांचा विचार आपण प्रस्तुत घटकात करणार आहोत. हे प्रश्न केवळ परीक्षेपुरते नाहीत. तुमच्यापैकी अनेकजण आई-वडील आहेत, काहीजण आशा कार्यकर्त्या किंवा अंगणवाडी सेविका आहेत, काहींच्या घरात वृद्ध अथवा दीर्घकालीन रुग्ण आहेत. घरातील मर्यादित पैसा कशावर खर्च करावा आणि कोणते काम पुढे ढकलू नये, हे या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘शक्ती’ या शब्दाचा अर्थ

भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण प्रथम शब्दाकडे पाहू. ‘शक्ती’ म्हटले की आपल्या मनात बाहुबळ, ताकद, जोर या कल्पना येतात. शक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे ‘रोगप्रतिकारशक्ती’ हीसुद्धा भांड्यातल्या दुधासारखी मोजता येणारी, कमी पडली तर ओतून वाढवता येणारी एखादी वस्तू असावी, असा समज होतो. ‘शक्तिवर्धक’ हा जाहिरातीतील आवडता शब्द याच समजावर उभा आहे.

वस्तुतः प्रतिकारशक्ती ही एक वस्तू नाही. ती अनेक अवयव, पेशी आणि रसायने यांची परस्परांशी जोडलेली व्यवस्था आहे. या व्यवस्थेची गुणवत्ता तीन क्षमतांवर ठरते : परके ओळखणे, एकदा ओळखलेले लक्षात ठेवणे आणि काम झाल्यावर थांबणे. पूर्वी गावात रात्री पहारा देणारा जागल्या असे. दिसेल त्याला काठी मारणारा जागल्या गावाला नको असतो. पाहुणा कोण, चोर कोण आणि गावचाच माणूस कोण, हे अंधारातही ओळखणारा जागल्या उपयोगी पडतो. प्रतिकारव्यवस्थेचेही तसेच आहे. म्हणून ‘शक्ती’पेक्षा ‘क्षमता’ हा शब्द या विषयाला अधिक जवळचा आहे.

४.२.२ प्रतिकारव्यवस्थेचे स्तर

अभ्यासाच्या सोयीसाठी या व्यवस्थेचे तीन स्तर मानता येतात.

(अ) बाह्य अडथळे : अखंड त्वचा ही पहिली भिंत होय. नाक व श्वासनलिकेतील चिकट स्राव धूळ आणि जंतू अडकवतो. तेथील सूक्ष्म केसांसारखे तंतू तो स्राव सतत घशाकडे ढकलतात. अश्रू व लाळ यांत काही जीवाणूंचे कवच फोडणारे द्रव्य असते. जठरातील आम्लात गिळलेले अनेक जंतू मरतात. बिडी-सिगारेटच्या धुराने श्वासनलिकेतील तंतूंचे काम मंदावते. धूम्रपान करणाऱ्यांना छातीचे विकार वारंवार का होतात, याचे एक कारण येथे सापडते.

(आ) जन्मजात प्रतिकार : अडथळा ओलांडून जंतू आत शिरला, तर रक्तातील व ऊतींतील भक्षक पेशी काही मिनिटांत अथवा तासांत तेथे पोहोचतात व त्याला गिळून नष्ट करतात. काटा रुतलेली जागा लाल होते, सुजते, ठणकते. ही त्या लढ्याचीच खूण आहे. तापसुद्धा अनेकदा शरीराने स्वतः योजलेला उपाय असतो. हा स्तर जलद आहे. मात्र तो विशिष्ट जंतूला अनुरूप असा वेगळा प्रतिसाद देत नाही.

(इ) संपादित प्रतिकार : हे काम प्रामुख्याने बी-पेशी आणि टी-पेशी करतात. दोन्हींचा उगम अस्थिमज्जेत होतो. टी-पेशींची जडणघडण छातीतील थायमस ग्रंथीत पूर्ण होते. या पेशी जंतूचा विशिष्ट भाग, म्हणजे प्रतिजन, ओळखतात. बी-पेशींपासून त्या प्रतिजनाला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात, तर काही टी-पेशी बाधित झालेल्या पेशींनाच नष्ट करतात. नव्या जंतूशी पहिली गाठ पडते तेव्हा या तयारीला साधारण आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यानंतर काही स्मृतिपेशी शरीरात उरतात. तोच जंतू पुन्हा आला, तर प्रतिसाद लवकर आणि जोरकस मिळतो.

थायमसमध्ये टी-पेशींची जणू परीक्षाच घेतली जाते. स्वतःच्या शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुसंख्य पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. संयम हा प्रतिकारव्यवस्थेचा पायाभूत गुण आहे, हे यावरून ध्यानात येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
१. टी-पेशींची जडणघडण ........ ग्रंथीत पूर्ण होते.
२. बी-पेशींपासून ........ तयार होतात.
३. एकदा आलेल्या जंतूची ओळख टिकवणाऱ्या पेशींना ........ म्हणतात.

४.२.३ प्रतिकाराचा अतिरेक

प्रतिकार जितका तीव्र तितका चांगला असता, तर पुढील आजार झालेच नसते. आमवाती संधिवातात प्रतिकारपेशी स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात त्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करतात. परागकण किंवा धूळ यांसारख्या निरुपद्रवी गोष्टींना दिलेला अवाजवी प्रतिसाद म्हणजे ॲलर्जी.

कोरोनाच्या काळात याचा ठळक पुरावा मिळाला. गंभीर रुग्णांमध्ये विषाणूइतकेच, किंवा काही वेळा त्याहून अधिक, नुकसान प्रतिकारव्यवस्थेच्या अनियंत्रित प्रतिसादामुळे होत होते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे स्वस्त व जुने औषध दिल्याने कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. हे औषध प्रतिकार वाढवत नाही, उलट तो दडपते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती अशा रुग्णांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. बाहेर सर्वत्र ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असा घोष चालू असताना अतिदक्षता कक्षात प्रतिकार आवरल्यामुळे जीव वाचत होते. या घटकातील मध्यवर्ती विचार या उदाहरणात सामावला आहे.

४.२.४ हळद : परंपरा, संशोधन आणि जाहिरात

आता हळदीकडे वळू. जखमेवर हळद लावणे, घसा बसला तर हळदीचे दूध घेणे, या प्रथा आपल्याकडे फार जुन्या आहेत. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर करण्याविषयी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतील आणि लेखांतील पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणातील हा महत्त्वाचा टप्पा होय.

तथापि, या विजयाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ‘हा उपयोग नवा नाही, तो भारतात आधीपासून ज्ञात आहे’ एवढेच त्या प्रकरणात सिद्ध झाले. हळदीने कोणता रोग किती प्रमाणात बरा होतो, हा प्रश्न त्या वादात नव्हताच. ज्ञात असणे आणि सिद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिद्ध काय आहे? हळदीचा पिवळा रंग प्रामुख्याने कर्क्युमिन या द्रव्यामुळे येतो. काचपात्रातील प्रयोगांत कर्क्युमिनमुळे दाह कमी होत असल्याचे दिसते. माणसाच्या पोटात गेल्यावर मात्र अडचण येते. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्के असते. अर्धा चमचा हळद सुमारे दीड ग्रॅम धरली आणि प्रमाण तीन टक्के मानले, तर त्यातून जेमतेम ४५ मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळते. प्रयोगांत बहुधा याच्या कित्येक पट मात्रा वापरली जाते. शिवाय ते रक्तात फार कमी शोषले जाते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या संशोधनात दोन ग्रॅम कर्क्युमिन दिल्यानंतरही रक्तात ते नगण्य आढळले. काळ्या मिरीतील पायपरीन सोबत दिल्यावर शोषण वीस पट झाले. आपल्या मसाल्यांत हळद आणि मिरी एकत्र येतात, हे खरे; पण नगण्याची वीस पट म्हणजे औषधाची मात्रा, असे त्यावरून म्हणता येत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हळदीचा मुख्य दावा दाह कमी करण्याचा आहे आणि दाह हे प्रतिकाराचेच एक अंग आहे. म्हणजे ज्या पदार्थाला आपण ‘प्रतिकार वाढवणारा’ म्हणतो, त्याचा अभ्यासला गेलेला गुण प्रतिकार शांत करण्याचा आहे.

याचा अर्थ हळद वर्ज्य करावी असा नाही. स्वयंपाकातील हळद निर्धोक आणि रुचकर आहे. रात्रीच्या गरम दुधाने घशाला आराम वाटतो. परंतु कर्क्युमिनच्या अधिक मात्रेच्या गोळ्या घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदवली गेली आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत विषारी लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकारही दक्षिण आशियात आढळले आहेत. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. त्यामुळे भडक रंगाच्या सुट्या पुडीपेक्षा खात्रीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडे घेऊन ती दळून आणणे श्रेयस्कर.

४.२.५ नैसर्गिक संवर्धनाचे खरे मार्ग

(अ) पुरेसा आहार : प्रतिपिंडे ही प्रथिने आहेत. प्रतिकारपेशी सतत नव्याने तयार होतात आणि त्यासाठी ऊर्जा, प्रथिने, लोह, जस्त, अ आणि ड जीवनसत्त्वे लागतात. अन्न कमी पडले की ही व्यवस्था दुबळी होते. क्षयरोगाच्या बाबतीत हे स्पष्टपणे दिसते.

२०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात २,८०० रुग्णांच्या घरांतील १०,३४५ व्यक्तींचा समावेश होता. सर्व रुग्णांना शिधा मिळत होता. निम्म्या गटात मात्र घरातील इतर माणसांनाही तो दिला गेला. प्रौढ व्यक्तीस दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या, असे त्याचे स्वरूप होते. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी, तर फुप्फुसांच्या सांसर्गिक क्षयाचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी आढळले.

मित्रहो, या आकड्यांवर क्षणभर थांबा. ज्या तुरीचे पीक आपल्या हिंगोली जिल्ह्यात बांधाबांधावर दिसते, त्या तुरीची डाळ आणि भात एवढ्यावर घरातील निम्म्याच्या आसपास संभाव्य रुग्ण कमी झाले. कोणत्याही ‘प्रतिकारवर्धक’ चूर्णामागे इतका भक्कम पुरावा नाही. ज्वारीची भाकरी, वरण, हरभरा, भुईमूग, अंडी, दूध, शेवगा-मेथीसारख्या पालेभाज्या, पेरू आणि लिंबू हा आपल्या परिसरातलाच आहार आहे. प्रश्न तो घरातील प्रत्येकाच्या ताटात पोहोचतो का, हा आहे. सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या स्त्रीच्या ताटात डाळ उरते का, हाही प्रतिकारशक्तीचाच प्रश्न आहे. क्षयरुग्णांसाठी शासनाची निक्षय पोषण योजना २०१८ पासून सुरू असून नोव्हेंबर २०२४ पासून तिची मदत दरमहा १,००० रुपये झाली आहे.

(आ) आईचे दूध : बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांतील घट्ट, पिवळसर चिकाच्या दुधात प्रतिपिंडे भरपूर असतात. ते ‘खराब’ समजून पिळून टाकणे म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण टाकून देणे होय. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. मध किंवा वरचे पाणी देऊ नये.

(इ) झोप : अमेरिकेत १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक आढळली. दिवसभर काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

(ई) इतर सवयी : नियमित चालणे किंवा शारीरिक श्रम, तंबाखू व मद्य यांपासून दूर राहणे, मधुमेह नियंत्रणात ठेवणे, स्वयंपाकापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे व शुद्ध पाणी पिणे, हे साधे उपाय आहेत. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाला खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. म्हणून स्वच्छ पाणी हासुद्धा पोषणाचाच भाग मानावा.

४.२.६ लस नैसर्गिक की कृत्रिम?

‘आम्ही नैसर्गिक प्रतिकारशक्तीवर विश्वास ठेवतो, लसीची गरज नाही’, असे म्हणणारे लोक भेटतात. या विधानातील विरोध तपासून पाहा. लस बाहेरून तयार केलेली असते. पण प्रतिपिंडे आणि स्मृतिपेशी शरीर स्वतःच तयार करते. रोग न भोगता रोगाची ओळख करून देणे, एवढेच लसीचे काम असते.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे त्याच रोगाने निधन झाले. लस तेव्हा नुकतीच जन्मली होती. ती सर्वांपर्यंत पोहोचलेली नव्हती. आज बालकांच्या लसी शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात, हा त्या काळापासूनचा मोठा पल्ला आहे.

गोवराचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर इतर रोगांविरुद्ध त्यांनी आधी मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली. म्हणजे गोवर प्रतिकारव्यवस्थेची स्मृतीच पुसतो. ‘गोवर येऊन गेला म्हणजे मूल घट्ट होते’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिने आणि दुसरी १६ ते २४ महिने या वयात देतात.

मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि मुलांच्या मात्रा चुकण्याचा धोका असतो. लसीकरणाचे कार्ड सोबत नेल्यास मात्रा जेथे असाल तेथील शासकीय केंद्रात घेता येते. मात्रा चुकली असली, तरी बहुतेक लसी पुढे सुरू करता येतात. पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
चूक की बरोबर ते सांगा.
१. डेक्सामेथासोन हे औषध प्रतिकार वाढवते.
२. हळदीचे पेटंट रद्द झाल्यामुळे हळदीचे सर्व औषधी गुण सिद्ध झाले.
३. लस दिल्यावर प्रतिपिंडे शरीरच तयार करते.

४.३ सारांश

प्रतिकारशक्ती ही ओतून वाढवण्याची वस्तू नसून ओळख, स्मृती आणि संयम या गुणांवर चालणारी व्यवस्था आहे. बाह्य अडथळे, जन्मजात प्रतिकार व संपादित प्रतिकार हे तिचे तीन स्तर होत. तिचा अतिरेकही रोगकारक ठरतो. हळद हा आपल्या आहाराचा मोलाचा घटक आहे; पण पुरेसे अन्न, झोप, स्वच्छता, व्यसनमुक्ती आणि लसीकरण यांची जागा ती घेऊ शकत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, वजन घटत असेल किंवा संध्याकाळी ताप येत असेल, तर काढ्यावर वेळ न दवडता शासकीय रुग्णालयात क्षयरोगाची मोफत तपासणी करून घ्यावी.

४.४ पारिभाषिक शब्द

प्रतिजन : जंतूचा अथवा परक्या पदार्थाचा, प्रतिकारपेशींना ओळखू येणारा भाग.
प्रतिपिंड : विशिष्ट प्रतिजनाला चिकटणारे, शरीराने तयार केलेले प्रथिन.
दाह : इजा किंवा संसर्ग झालेल्या जागी लाली, सूज, उष्णता व वेदना निर्माण करणारा प्रतिसाद.
स्मृतिपेशी : पूर्वी आलेल्या जंतूची ओळख टिकवून ठेवणारी पेशी.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. थायमस २. प्रतिपिंडे ३. स्मृतिपेशी
प्रश्न – २ : १. चूक २. चूक ३. बरोबर

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दातील ‘शक्ती’ या कल्पनेमुळे कोणते गैरसमज निर्माण होतात, ते सोदाहरण लिहा.
२. पोषण आणि क्षयरोग यांचा संबंध झारखंडमधील अभ्यासाच्या आधारे स्पष्ट करा.
३. टीपा लिहा : (अ) हळदीचे पेटंट (आ) गोवर आणि प्रतिकारस्मृती.

४.७ क्षेत्रीय कार्य

१. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील पाच वडीलधाऱ्या स्त्रियांशी बोलून बाळंतिणीच्या आणि आजाऱ्याच्या आहाराविषयीचे संकेत त्यांच्याच शब्दांत नोंदवा. त्यांपैकी कोणते या घटकातील माहितीशी जुळतात आणि कोणते जुळत नाहीत, ते लिहा.
२. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असा दावा करणाऱ्या तीन जाहिराती किंवा वेष्टने जमवा. प्रत्येकात काय सांगितले आहे, काय गाळले आहे आणि कोणते शब्द मनावर परिणाम करण्यासाठी योजले आहेत, याचे विवेचन करा.
३. तुमच्या घरातील एका दिवसाच्या दोन्ही जेवणांत कोणाच्या ताटात किती डाळ, भाजी आणि दूध आले, याची नोंद ठेवा. ही नोंद संपर्क सत्रात सादर करण्याची सक्ती नाही. मात्र ती घरातील सर्वांसमवेत बसून वाचा.